दुसऱ्या अंकाला उठून जाणारी माणसं

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



आज ज्या कलावंताबद्दल बोलायचं आहे, त्याच्यापासून सुरुवात न करता एका हॉटेलपासून करतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिथल्या मोठ्या चौकात रॉयल थिएटर आहे आणि थिएटरला अगदी लागून ब्रॉनुम नावाचं हॉटेल. आपल्याकडे जसा नाट्यगृहाच्या बटाटावड्याचा वास तिसऱ्या घंटेपर्यंत माणसाला आत येऊ देत नाही, तसंच काहीसं हे प्रकरण. फरक एवढाच की आपण मध्यंतरात बाहेर जातो. कोपनहेगनचे मुरलेले बॅलेप्रेमी एका ठराविक बॅलेच्या चालू अंकात उठून जायचे. पहिला अंक बघायचा, दुसरा अंक सुरू झाला की ब्रॉनुममध्ये जाऊन खायचं-प्यायचं, आणि तिसऱ्या अंकाला परत येऊन आपल्या खुर्चीत बसायचं. हे इतकं रुळलं की त्या दुसऱ्या अंकाला ‘ब्रॉनुमचा अंक’ असंच नाव पडलं.

बॅलेचं नाव ‘नापोली, अथवा कोळी आणि त्याची वधू’. पहिला प्रयोग २९ मार्च १८४२. रचनाकार ऑगस्ट बूर्नोनव्हिल. आज डॅनिश बॅले म्हणून जगात जे काही ओळखलं जातं ते मुख्यतः या एका माणसाचं काम आहे, आणि त्याच्या कामातली सर्वांत लाडकी कृती म्हणजे हे ‘नापोली’. आता गंमत बघा. एखाद्या देशाची सर्वांत लाडकी कलाकृती आणि तिचा मधला एक तृतीयांश भाग जाणकार लोक जेवणावर घालवतात! मला आज एवढाच प्रश्न विचारायचा आहे: प्रेक्षक उठून गेले, यावरून अंक वाईट होता असं ठरतं का?

सोपं उत्तर ‘हो’ असं आहे. बहुतेक टीकाकारांनी ते तसंच दिलेलं आहे. मला ते अर्धंच पटतं. का, ते सांगण्यासाठी थोडं त्याच्या आयुष्यात जायला हवं.

बूर्नोनव्हिलचा जन्म कोपनहेगनमध्ये २१ ऑगस्ट १८०५ ला झाला. वडील आंत्वान हे फ्रेंच नर्तक, आई स्वीडिश. म्हणजे डॅनिश बॅलेचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्याच्या आईवडिलांपैकी एकही डॅनिश नाही. नृत्य घरातच होतं. लहानपणीचं शिक्षण वडिलांकडे आणि रॉयल थिएटरच्या बॅलेशाळेत. पुढे पॅरिसला जाऊन तो ऑग्युस्त व्हेस्ट्रिसकडे शिकला. व्हेस्ट्रिस म्हणजे त्या काळातलं फार मोठं घराणं. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण बूर्नोनव्हिलने आयुष्यभर जे केलं ते घराणं सांभाळण्याचं काम होतं. पॅरिसच्या ऑपेरात तो नाचला, मारी तालिओनीचा जोडीदार म्हणूनही उभा राहिला.

तिथेच राहिला असता तर? बरा नर्तक म्हणून चार ओळींत त्याची नोंद झाली असती. १८३० मध्ये त्याने कोपनहेगनच्या थिएटरशी अठरा वर्षांचा करार केला. नर्तकही तोच, नृत्यरचनाकारही तोच, शिक्षकही तोच. लहान गावात मोठं होण्याचा निर्णय, असं कुणी खवचटपणे म्हणेल. म्हणू दे. पण ते लहान गाव तेव्हा कसं होतं ते लक्षात घ्या. १८०७ मध्ये इंग्रजांनी शहरावर तोफा डागल्या होत्या. १८१३ मध्ये देशाचं दिवाळं निघालं होतं. आणि अशा देशात चित्रकार, शिल्पकार, लेखक यांची एक आख्खी पिढी उभी राहत होती. हान्स क्रिस्तियन अँडरसन त्यातलाच. परीकथांचा बादशहा होण्याआधी हा अँडरसनही याच थिएटरच्या बॅलेशाळेत धडपडत होता आणि १८२१ मध्ये ‘आर्मिडा’ नावाच्या बॅलेत एक राक्षस म्हणून रंगमंचावर येऊनही गेला, बरं का. नर्तक काही तो झाला नाही. आपलं नशीब.

आता बूर्नोनव्हिलच्या नृत्याची जात कोणती? तांत्रिक भाषा टाळून सांगतो. बॅलेत मोठी उडी मारायची तर नर्तक आधी तयारी करतो. दोन पावलं धावतो, हात उघडतो, श्वास घेतो. प्रेक्षकाला कळतं, आता येणार! मग उडी येते आणि टाळ्या पडतात. बूर्नोनव्हिलच्या शैलीत ही जाहिरात नाही. हात खाली, शांत. चेहरा बोलता. आणि पाय खाली एखाद्या लहान पावलातून सरळ हवेत. कष्ट दिसू द्यायचे नाहीत, अवघड गोष्ट निवांतपणाच्या पडद्याआड ठेवायची, हे त्याचं तत्त्व. दुसरी गोष्ट, त्या काळात पॅरिसमध्ये पुरुष नर्तक हळूहळू नायिकेला उचलून धरणारा खांब होत चालला होता. बूर्नोनव्हिलने पुरुषाला नाचतं ठेवलं. अर्थात त्यात स्वार्थ होता, पुरुष नर्तक तो स्वतः होता! पण स्वार्थातून निघालेली गोष्टही परंपरा होऊ शकते.

१८३६ मध्ये त्याने ‘ला सिल्फिड’ केलं. मूळ बॅले पॅरिसचं, फिलिप्पो तालिओनीचं. बूर्नोनव्हिलने ते पॅरिसमध्ये पाहिलं होतं. मूळ संगीताचे हक्क परवडेनात, म्हणून एकवीस वर्षांच्या हर्मन लोव्हेनस्कियोल्ड या संगीतकाराकडून नवं संगीत लिहून घेतलं. आज इतक्या वर्षांनी काय झालंय? पॅरिसची मूळ रचना हरवली. कोपनहेगनची काटकसरीत केलेली आवृत्ती अखंड चालत आली. त्यातली नायिका होती ल्यूसिल ग्रान, त्याची शिष्या. विलक्षण नर्तकी. लवकरच गुरू-शिष्येचं बिनसलं. तिला पॅरिस हवं होतं, त्याला ती कोपनहेगनमध्ये हवी होती. १८३९ नंतर ती गेली ती गेलीच. पुढे १८४५ मध्ये लंडनला तालिओनी, ग्रिझी आणि चेरितो यांच्याबरोबर चौघींचं जे सुप्रसिद्ध नृत्य झालं, त्यातली चौथी ही.

आणि आता १८४१. मार्च महिना. बूर्नोनव्हिल रंगमंचावर आहे आणि प्रेक्षागृहातून हुर्यो सुरू होते. ही ग्रानच्या चाहत्यांची कामगिरी होती असं सांगितलं जातं. बूर्नोनव्हिल थांबला. वळला. राजा आठवा क्रिस्तियन आपल्या कक्षात बसलेला होता. त्याच्याकडे बघून याने सरळ विचारलं, की महाराजांची आज्ञा काय आहे, पुढे नाचू की नको?

आज आपल्याला यात काही मोठं वाटत नाही. संगीत नाटकात नट प्रेक्षकांशी बोलायचा, वन्स मोअर घ्यायचा. पण तिथे राजेशाही होती, तीही अनियंत्रित. राजाला भर प्रयोगात, भर प्रेक्षकांसमोर वादात ओढणं हा अपराध. राजाने पुढे चालू ठेवायला सांगितलं खरं, पण नंतर बूर्नोनव्हिलला घरात नजरकैद झाली आणि मग सहा महिन्यांची बिनपगारी रजा. म्हणजे सभ्य शब्दांत हद्दपारी. देशाबाहेर जा.

तो गेला. पॅरिस, मग इटली, मग नेपल्स. आणि नेपल्समध्ये हा छत्तिशीला टेकलेला, अपमानित, पगार बंद झालेला, कुटुंबवत्सल माणूस खिडकीतून रस्ता बघत बसला. परत येताना घोडागाडीच्या लांब प्रवासात त्याच्या डोक्यात ‘नापोली’ उभं राहिलं. शाळेत शिकलेलं रोम नाही, देवदेवता नाहीत. खिडकीतून दिसलं ते नेपल्स.

पहिला अंक उघडतो तो बंदरावर. सांता लुचिया. संध्याकाळ. मासेवाले, मुलं, भांडणं, एक रस्त्यावरचा गायक. तेरेसिना नावाची मुलगी आणि जेन्नारो नावाचा कोळी यांचं प्रेम आहे. मुलीची आई व्हेरोनिका विधवा. तिला वाटतं, कोळ्याच्या घरात मुलगी कशाला द्यायची, दोन चांगली स्थळं आहेत की! कोण ही स्थळं? एक जाकोमो, मॅकरोनीवाला. दुसरा पेप्पो, लिंबू सरबतवाला.

इथे जरा थांबू या. १८४२ सालचा युरोपीय बॅले म्हणजे पऱ्या, राजपुत्र, चांदण्यातल्या विरही स्त्रिया. आणि हा माणूस रंगमंचावर खाद्यपदार्थांची गाडी आणतो. तेव्हा नेपल्समध्ये मॅकरोनी रस्त्यावर उकळून विकली जायची आणि लोक ती उभ्याउभ्या हातानेच खायचे. उत्तरेकडून आलेल्या प्रवाशांना त्याचं कोण अप्रूप! बूर्नोनव्हिलने त्या अप्रुपाचा नुसता देखावा केला नाही. मॅकरोनीवाला आणि सरबतवाला ही पात्रं आहेत. दोघांना धंदा आहे, दोघांना ऐपत आहे, दोघांना वाटतं की ऐपतीवर मुलगी मिळावी. पहिल्या अंकात नाच तुलनेने कमी, मूकाभिनय जास्त. आणि तो मूकाभिनय इतका साधा आहे की भाषा न येणाऱ्याला कळतो. आई तोंड फिरवते. सरबतवाला पेला पुढे करतो. कोळी खिसा उलटा करून दाखवावा तसा उभा राहतो. मासळीबाजारात कधी अर्धा तास उभे राहिलेल्या माणसाला या अंकातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटी आई कशीबशी राजी होते. दोघं होडीतून समुद्रावर जातात. वादळ येतं. जेन्नारो एकटा परत येतो. तेरेसिना बुडाली. सगळा गाव त्याच्यावर उलटतो. तो मरायला निघतो, तेव्हा फ्रा अंब्रोजिओ नावाचा साधू त्याला मदोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, प्रतिमा असलेलं पदक देतो आणि सांगतो, जा, शोध तिला. पडदा.

आणि प्रेक्षक उठतात. ब्रॉनुमकडे.

ते जेवताहेत तोवर आपण बसून बघू. दुसरा अंक काप्री बेटावरच्या निळ्या गुहेत घडतो. ही गुहा खरी आहे. तोंड इतकं बुटकं की होडीत आडवं होऊन आत जावं लागतं. सूर्यप्रकाश पाण्याखालून आत येतो, त्यामुळे सगळी गुहा निळी उजळते. स्थानिक लोक तिथे भुतं राहतात म्हणून घाबरायचे. १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश आणि एर्न्स्ट फ्रीस हे दोन जर्मन तिथे पोहून गेले आणि मग सगळ्या युरोपला त्या गुहेचं वेड लागलं. अँडरसनने आपल्या १८३५ च्या कादंबरीत तिला आणलं. म्हणजे बूर्नोनव्हिलच्या प्रेक्षकांसाठी ही त्या वेळची अगदी ताजी फॅशन होती.

गुहेत गोल्फो नावाचा समुद्रातला राक्षस राहतो. बुडालेली तेरेसिना त्याच्याकडे आणली जाते. तो तिला जलपरी करून टाकतो. तिचे कोळणीचे कपडे जातात, जलपरीचे येतात, आणि त्याबरोबर तिची आठवण जाते. जेन्नारो होडी घेऊन गुहेत पोचतो. ती समोर आहे. ती त्याला ओळखत नाही. तो सांगतो, खुणा करतो, विनवतो. ती बघते, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी. शेवटी साधूने दिलेलं पदक आणि प्रार्थना यांच्या बळावर तिला हळूहळू आठवू लागतं. ती पुन्हा माणूस होते. दोघं परततात.

तिसरा अंक सगळ्यांना माहीत आहे, जगभर तो सुटा सादर होतो. देवस्थानाची जत्रा. गावकऱ्यांना आधी संशय, की मेलेली मुलगी आणली कुठून, हा चेटूक करतो. साधू समजावतो. आणि मग नाच. सहा जणांचा नाच, एकेकट्याचे तुकडे, मग तारांतेल्ला, डफल्या, टाळ्या, आणि शेवटी हान्स क्रिस्तियन लुम्ब्यूने लिहिलेला वेगवान गॅलप. हा लुम्ब्यू म्हणजे पुढच्याच वर्षी उघडलेल्या तिवोली बागेचा लाडका संगीतकार, उत्तरेचा स्ट्राउस म्हणायचे त्याला. प्रेक्षक घरी जातो तो पाय आपटतच.

तर, दुसरा अंक वाईट आहे का?

त्यात दोष आहेत, आणि ते मी लपवणार नाही. पहिला दोष असा की बूर्नोनव्हिलची ताकद गर्दीत आहे, रस्त्यात आहे, उड्या मारणाऱ्या पुरुषांत आहे. पाण्याखाली रस्ता नाही. गर्दी आहे ती एकसारख्या जलपऱ्यांची. त्या सरबत विकत नाहीत, एकमेकींशी भांडत नाहीत. ज्याने नुकतीच वीस स्वभावांची माणसं आपल्याला दाखवली, तोच आता वीस जणींना एकच स्वभाव देतो. दुसरा दोष यंत्रांचा. कपडे बदलणं, गुहा उजळणं, राक्षस प्रकट होणं, हे १८४२ मध्ये थक्क करणारं होतं. चमत्काराचं एक वाईट असतं, तो फार लवकर जुना होतो. मॅकरोनी जुनी होत नाही. तिसरा दोष, उलगडा पदकाने होतो. तेरेसिनाला आठवतं ते जेन्नारोच्या काही करण्यामुळे कमी, पदकाच्या सामर्थ्यामुळे जास्त. श्रद्धावान प्रेक्षकाला ते पुरेसं असेल. इतरांना वाटतं की नाटककाराने गाठ सोडवायच्या ऐवजी कापली.

इतकं सगळं मान्य करूनसुद्धा माझं म्हणणं असं आहे की ‘नापोली’ हे बॅले दुसऱ्या अंकात घडतं. बाकीचे दोन अंक त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहेत.

कसं ते बघा. दुसरा अंक काढून टाका. काय उरतं? मुलगी बुडाली, मुलगी सापडली, चला नाचू या. तिसऱ्या अंकातला आनंद मग जेवणानंतरच्या गोड पदार्थासारखा होतो. छान, पण कशाबद्दल? आता दुसरा अंक परत ठेवा. आता तिसऱ्या अंकात नाचणारी ही मुलगी कोण आहे? आपला माणूस समोर असून त्याला विसरलेली आणि मग आठवलेली. शेजारी नाचणारा मुलगा कोण आहे? प्रिय माणसाच्या डोळ्यांत स्वतःची ओळख नसणं ज्याने पाहिलं आहे असा. घरात स्मृतिभ्रंश झालेलं वडीलधारं माणूस असलेल्या कुणालाही मी हे जास्त समजावणार नाही. मरण परवडलं अशी ती गोष्ट असते. त्या गुहेतून परत आलेली दोघं नाचतात, म्हणून तो नाच इतका जोरात आहे. बूर्नोनव्हिलला आपण ‘आनंदी’ कलावंत म्हणतो, त्याच्या कामात ऊन आहे म्हणतो. बरोबर आहे. पण त्या उन्हाला गुहेची पार्श्वभूमी आहे, आणि आपण गुहेच्या वेळी बाहेर जेवत होतो!

मग अंक हरवला कसा? माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. तिसऱ्या अंकाच्या नेपथ्यात मागे एक पूल आहे. त्या पुलावर बॅलेशाळेतली लहान मुलं उभी असतात. त्यांना फारसं काम नसतं. हात हलवायचा, खाली चाललेला नाच बघायचा, आनंद व्हायचा. पिढ्यानुपिढ्या डॅनिश नर्तकांनी सांगितलंय की त्यांची रंगमंचाची पहिली आठवण म्हणजे ‘नापोली’चा पूल. विचार करा, सात-आठ वर्षांचं मूल प्रयोगामागून प्रयोग वरून तारांतेल्ला बघतंय. कुणी शिकवत नाही, तरी ते अंगात मुरतं. मोठं होऊन ते खाली उतरतं आणि नाचू लागतं, आणि वर पुलावर नवी मुलं आलेली असतात. नृत्याला आपल्यासारखी पोथी नसते. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात गेलं तरच टिकतं. तिसऱ्या अंकाला पूल होता. दुसऱ्या अंकाला, गुहेला, पूल नव्हता. तिथे बघत उभं राहणारं कुणी नव्हतं. आत मुलं नाहीत आणि बाहेर प्रेक्षकही नाहीत, ते हॉटेलात. जे कुणी बघत नाही ते विरतं. आणि विरलेलं बघून पुढचा प्रेक्षक म्हणतो, यात काही दम नाही, चला जेवायला. हे चक्र आहे. आधी अंक वाईट होता की आधी प्रेक्षक उठले, हे आता वेगळं करता येत नाही.

२००९ मध्ये रॉयल डॅनिश बॅलेने हे चक्र तोडायचा प्रयत्न केला. निकोलाय ह्यूब आणि सोरेला एंग्लुंड यांनी ‘नापोली’ नव्याने उभं केलं. काळ विसाव्या शतकाच्या मध्यावर आणला, फेलिनीच्या सिनेमांतल्या इटलीसारखा. पहिला आणि तिसरा अंक नाचापुरते बरेचसे जुनेच. पण दुसऱ्या अंकाला लुईस अलेनियुस या संगीतकर्तीचं संपूर्ण नवं संगीत आणि नवी रचना. म्हणजे त्यांनी मान्य केलं की हा अंक डागडुजीने सुधारणार नाही, पण तो सोडूनही देता येणार नाही.

मला हा निर्णय धाडसी वाटतो आणि थोडा चुटपुट लावणारा. धाडसी का, तर त्यांनी अंकाला मध्यंतर समजण्याऐवजी प्रश्न समजलं. त्या नव्या सुरांत गुहा खरंच अनोळखी होते. विसरणं म्हणजे सुंदर निळा प्रकाश नसतो, ते भयाण असतं, हे ऐकू येतं. चुटपुट का? जुन्या दुसऱ्या अंकाचं संगीत मुख्यतः नील्स गाडे या मोठ्या डॅनिश संगीतकाराचं, त्याच्या तरुणपणीचं. ते गेलं की तीनही अंक एकाच काळाच्या कानांनी ऐकलेले राहत नाहीत. बंदरावरचा प्रेक्षक १८४२ चा आणि गुहेतला आजचा. ज्या अंकाचा विषयच विसरणं आहे, तो अंक दुरुस्त करताना आपण त्याचं मूळ विसरलो, हा विरोधाभास त्या प्रयोगाच्या पोटात आहे. तरीही, उठून हॉटेलात जाण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

आता बूर्नोनव्हिलकडे परत येऊन संपवतो. त्याने १८४८ मध्ये नाचणं थांबवलं. दुसऱ्याच वर्षी ‘कॉन्सर्वतोरिएत’ केलं. त्याच्या पहिल्या अंकात काय आहे? पॅरिसमधला नृत्याचा वर्ग. त्याच्या तरुणपणचा, व्हेस्ट्रिसचा. पंचवीस वर्षांपूर्वीचं जे शरीरात होतं ते त्याने रंगमंचावर उतरवून ठेवलं. व्हेस्ट्रिस कसं शिकवायचा याची आज जी थोडीफार कल्पना येते, ती या बॅलेमुळे. आठवण ठेवणं हे त्याचं काम होतं. त्याने जन्मभरात पन्नासच्या आसपास बॅले केले, त्यातले जेमतेम दहाएक आज उभे आहेत. ‘माझं नाट्यजीवन’ या नावाने आठवणींचे खंड लिहिले. १८७७ मध्ये निवृत्त झाला. नोव्हेंबर १८७९ च्या शेवटी हान्स बेक नावाच्या तरुणाचं पदार्पण त्याने पाहिलं आणि त्यानंतर दोनच दिवसांत, ३० नोव्हेंबरला, चर्चमधून परतताना तो कोसळला आणि गेला. पुढे याच हान्स बेकच्या काळात बूर्नोनव्हिलचे धडे आठवड्याच्या सहा वारांच्या सहा वर्गांत बांधले गेले. सोमवारचा वर्ग, मंगळवारचा वर्ग, असे. त्या दिवशी म्हातारा थिएटरला गेला नसता तर काहीच बिघडलं नसतं कदाचित. पण तो गेला, त्याने पाहिलं. पुलावरच्या मुलांसारखं, फक्त उलट दिशेने.

म्हणून माझी विनंती एवढीच. कुठलीही कलाकृती असो, आपली असो, परकी असो, ज्या भागाला सगळे उठून जातात तिथे एकदा तरी बसून बघा. कंटाळा आला तर आला. हॉटेल कुठे पळून जात नाही.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: तेरेसिना विसरते, ल्यूसिल ग्रान सोडून गेली. दुसरा अंक म्हणजे गुरूच्या मनातली शिष्येची गोष्ट, असं म्हणता येईल का?

उत्तर: मोह होतो, मलाही झाला. हुर्यो झाली, हद्दपारी झाली आणि वर्षभरातच विसरलेल्या मुलीची गोष्ट आली. पण नुसत्या तारखा जुळल्या की अर्थ जुळतो असं नाही. त्याच्या हातात आधीपासून दोन गोष्टी होत्या: नेपल्सचा रस्ता आणि सगळ्या युरोपला वेड लावणारी गुहा. त्यावरून अंक पुरेसा समजतो. मला त्या वाचनाची दुसरीच अडचण वाटते. ते मान्य केलं तर ग्रान ही राक्षसाने भुलवलेली मुलगी ठरते. प्रत्यक्षात ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या निर्णयाने गेली आणि मोठी झाली. बॅले वाचताना आपण एका खऱ्या बाईवर अन्याय करू नये.

प्रश्न: आम्ही बॅले कधी पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करावी?

उत्तर: ‘नापोली’पासूनच करा. जुन्या आणि नव्या, दोन्ही रूपांची चित्रणं आहेत. आधी पहिला अंक बघा, त्याला कसलीही तयारी लागत नाही. मॅकरोनीवाला आणि सरबतवाला तुम्हाला लगेच ओळखीचे वाटतील. मग दुसरा. जुना बघितलात तर अर्ध्यावर मन भरकटेल, हे आधीच सांगतो. फक्त एक क्षण चुकवू नका. जेन्नारो समोर येतो आणि ती त्याच्याकडे बघते. त्या वेळी जलपऱ्या, राक्षस, प्रकाश, सगळं विसरून फक्त नर्तकीचे डोळे बघा. तिथे ती काय करते यावर पुढच्या अंकातल्या सगळ्या टाळ्यांची किंमत ठरते.